हुक्क्याचा विस्तव कोण सांभाळायचं?



दिल्लीतलं सरोजिनी नगर म्हटलं की आपल्याला आधी बाजार आठवतो. कपड्यांचे ढीग, घासाघीस आणि गर्दी. पण बदलीवर दिल्लीला गेलेल्या मराठी कुटुंबांना सरोजिनी नगर म्हणजे सरकारी क्वार्टर्स. या वसाहतीचं आधीचं नाव विनय नगर. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ती उभी राहिली आणि पुढे तिला सरोजिनी नायडूंचं नाव मिळालं. बाजारापासून जवळच पिलंजी आहे. शहराने चारी बाजूंनी गिळलेलं, पण नावाने अजून गावच राहिलेलं गाव. म्हणजे एकीकडे सचिवालयातल्या बाबूंची दिल्ली आणि दुसरीकडे खाटेवर बसून हुक्का ओढणाऱ्या म्हाताऱ्यांची दिल्ली. दोन्ही एका हाकेच्या अंतरावर.

या दोन्ही दिल्लींत एक वस्तू सारखी होती, ती म्हणजे अंगीठी. आपण शेगडी म्हणतो ना, तीच. गॅस यायच्या आधी दिल्लीच्या घराघरांत स्वयंपाक कोळशावर व्हायचा. अंगीठी पेटवायची ती दाराबाहेर. धूर निघून जाईपर्यंत ती बाहेरच ठेवायची आणि कोळसा लाल झाला की उचलून आत आणायची. घरातल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नसे. आणि तरीही दर हिवाळ्यात दिल्ली आणि आसपासच्या भागांतून एक बातमी हमखास येते: थंडी म्हणून अंगीठी आत घेतली, दार-खिडक्या लावल्या, आणि सकाळी माणसं उठलीच नाहीत.

आजचा विषय हुक्का आहे, पण मी अंगीठीपासून मुद्दाम सुरुवात केली. हुक्क्याचा इतिहास सांगताना लोक नवाब सांगतात, चांदीची नळी सांगतात, गुलाबपाणी सांगतात. विस्तवाबद्दल कुणी बोलत नाही. खरं तर हुक्का म्हणजे एक छोटी अंगीठीच, फक्त ती माणसाच्या श्वासाला जोडलेली आहे. तिचा विस्तव कुणी सांभाळायचा, हा प्रश्न तिच्याबरोबर चारशे वर्षं चालत आला आहे. (तंबाखूची जाहिरात करायला मी बसलेलो नाही, हे एकदा सांगून टाकतो. पुढे कळेलच.)

सुरुवात आपल्याच दख्खनमधून होते. अकबराच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी, 1603-04 च्या सुमारास, असदबेग नावाचा त्याचा एक दरबारी विजापूरला गेला होता. आदिलशाही घराण्यातली मुलगी शहजादा दानियालसाठी वधू म्हणून आणायची, ही त्याची कामगिरी. विजापुरात त्याने तंबाखू पाहिला. उत्तरेत तोवर त्याने असलं काही पाहिलं नव्हतं. पोर्तुगीजांमुळे गोव्याकडून आणि पश्चिम किनाऱ्यावरून तंबाखू दख्खनमध्ये आधीच रुळला होता. असदबेगाने बराचसा तंबाखू घेतला, एक रत्नजडित नळी तयार करवली आणि हे सगळं आग्र्याला बादशहापुढे ठेवलं. त्याने हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे, आणि वर्णन फार बारकाईचं आहे. नळी तीन हात लांब, दोन्ही टोकांना मीनाकारी, ओठाशी येमेनचा अकीक. आणि विस्तवासाठी सोन्याचं वेगळं भांडं.

विस्तवाचं भांडंसुद्धा सोन्याचं! म्हणजे पहिल्याच दिवशी या माणसाला कळलं होतं की हे आगीचं काम आहे.

अकबराने दोन-चार झुरके घेतले. शाही हकीम अस्वस्थ झाला. ही वस्तू आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत नाही, तेव्हा बादशहांनी ती घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असदबेगाने वाद घातला. कोणतीही रूढी कधीतरी नवीच असते, असा त्याचा मुद्दा होता. बादशहाला तो युक्तिवाद आवडला, पण त्याने स्वतः सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली, आणि तंबाखूचा व्यापार सुरू झाला. अकबराचा मुलगा जहांगीर याने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली असेल हे पुढच्या दोन शतकांतली चित्रं बघून तुम्हीच ठरवा. सरदाराच्या हातात हुक्क्याची नळी नाही, असं चित्र शोधावं लागतं.

आता बघा, असदबेगाने नेलेली ती नळी होती, हुक्का नव्हता. त्याच्या वर्णनात पाणी नाही. मग पाणी कुणी आणलं? इथे एक कथा नेहमी सांगितली जाते. अकबराच्या दरबारातला हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून नेला की शुद्ध होतो असं सांगितलं आणि हुक्का जन्माला आला. ही कथा पुस्तकांत आहे, सिगारेटविरोधी लेखांत आहे, हुक्का विकणाऱ्यांच्या जाहिरातींतही आहे. अडचण एवढीच की हकीम अबुल फतह 1589 मध्ये वारला. असदबेगाचा तंबाखू दरबारात पोचला तो त्यानंतर जवळपास पंधरा वर्षांनी. आधी विरोध करणारा हकीम आणि मग पाण्याचा उपाय सुचवणारा हकीम, असे दोन हकीम लोकांनी एकत्र शिवून टाकलेले दिसतात. पण या कथेतला विचार टिकून राहिला: पाणी धूर धुऊन काढतं. या विचाराकडे आपण शेवटी परत येऊ, कारण त्याची किंमत मोठी आहे.

तर आता यंत्र समजून घेऊ. खाली पाण्याचं भांडं. त्यातून वर एक उभी नळी, तिच्या टोकावर मातीची चिलीम. चिलमीत तंबाखू आणि तंबाखूच्या वर विस्तव. बाजूने ओढायची दुसरी नळी. तुम्ही ओढलंत की भांड्यातली हवा कमी होते, आणि वरून चिलमीतला धूर पाण्यातून बुडबुडे काढत खाली उतरतो. तीच ती गुडगुड, आणि म्हणून आपल्याकडे हिचं नावच गुडगुडी.

यातली खुबी अशी की आत येणारी सगळी हवा निखाऱ्यांमधून येते. म्हणजे ओढणारा माणूस स्वतःच लोहाराचा भाता असतो. जोरात ओढलं की निखारा फुलतो, थांबलं की त्याच्यावर राख धरते. राखेचं पांघरूण पडलं की उष्णता खाली कमी पोचते. राख झटकली की पुन्हा ताप वाढतो. तंबाखू इथे सिगारेटसारखा पेटवायचा नसतो, तो तापवायचा असतो. हुक्क्याच्या तंबाखूत गूळ किंवा काकवी कालवलेली असते, आणि गूळ करपला की काय होतं हे चिक्की करणाऱ्या कुणालाही विचारा. कडवट, घशाला लागणारा धूर. विस्तव कमी पडला तर नुसती कोमट हवा. आणि कोळसा अर्धवट पेटलेला असेल तर तंबाखूच्या आधी कच्च्या कोळशाचाच वास तोंडात.

म्हणून नाजूक हुक्क्यात निखारा थेट तंबाखूवर ठेवत नसत. मध्ये मातीची पातळ चकती, तिला तवाच म्हणायचे. आपण भाकरी तव्यावर टाकतो, विस्तवावर टाकत नाही, तसंच हे. आच आधी तव्याला, तव्यातून तंबाखूला. कोळसाही साधा नसे. लोणारी कोळशाची पूड करून, भाताच्या पेजेत मळून तिचे गोळे वळत. या गोळ्याला म्हणत गुल. गोळा एकजीव असल्यामुळे तडतडत नाही, ठिणग्या उडवत नाही आणि सावकाश जळतो. गुल म्हणजे फारसीत फूल. जळक्या वातीच्या टोकालाही गुलच म्हणत, आणि आपण वीज गेल्यावर ‘बत्ती गुल’ म्हणतो तो गुलही याच कुळातला. असो, शब्दांच्या मागे लागलो तर आजचा भाग संपायचा नाही.

खेड्यातला हुक्का वेगळा. दिल्ली-हरियाणाच्या गावांत चिलमीवर गोवरीचा विस्तव येतो. गोवरी मंद जळते, तिचा निखारा हलका असतो, आणि ती घरात असतेच. चूल विझली तरी राखेखाली गोवरीचा तुकडा धुमसत ठेवायचा, ही युक्ती आपल्या आज्यांनाही माहीत होती. आपल्याकडे मात्र सामान्य माणसाने हुक्क्यापेक्षा नुसती चिलीमच जास्त ओढली. तिच्यात पाणी नाही, तवा नाही. आत एक छोटा खडा, म्हणजे विस्तव घशात येत नाही. आणि तोंडाशी गुंडाळायला ओली चिंधी, तिचं नाव छापी. धूर थोडा निवतो. हुक्क्याच्या सगळ्या लवाजम्याचं काम एका खड्याने आणि एका चिंधीने भागवलं. हे फार मराठी आहे, असं मला उगाच वाटतं.

पुन्हा दरबारात येऊ. तिथे सगळीकडे गालिचे, पांढऱ्या चादरी, लोड-तक्के, मलमल. आणि त्यांच्या मधोमध उघडा विस्तव. त्यासाठी दोन गोष्टी आल्या. एक सरपोश, म्हणजे चिलमीवरचं जाळीदार धातूचं झाकण. त्याच्या भोकांतून निखाऱ्याला हवा मिळते, वाऱ्याने तो भडकत नाही आणि ठिणगी बाहेर पडत नाही. आज संग्रहालयात सरपोश बघून आपण नक्षीचं कौतुक करतो. त्याचं पहिलं काम आग अडवणं हे होतं. दुसरी गोष्ट जेरअंदाज, म्हणजे हुक्क्याखाली अंथरायचा वेगळा छोटा गालिचा. निखारा पडलाच तर त्याच्यावर पडावा.

बिदरचे कारागीर जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीचं जडावकाम करतात. त्या बिदरी कामाची हुक्क्याची भांडी जगभरच्या संग्रहालयांत आहेत. जुनी भांडी गोल, कडीवर बसवायची. अठराव्या शतकात पुढेपुढे घंटेसारखी, रुंद बुडाची भांडी दिसू लागतात, ती सपाट जमिनीवर आपली आपण उभी राहतात. पण गंमत बघा. भांडी उरली, चिलमी फुटल्या. मातीची चिलीम, तवा, चिमटा हे कुणी जपून ठेवत नाही. म्हणून हुक्क्याचा इतिहास हा पाण्याच्या भांड्यांचा इतिहास झाला, आणि विस्तवाची बाजू त्यातून निसटली.

त्या बाजूचा माणूस म्हणजे हुक्काबरदार. बरदार म्हणजे वाहणारा. पण नुसता हुक्का वाहणं हे त्याचं काम नव्हतं. तंबाखू कालवणं, पाणी बदलणं, बाहेर शेगडीवर गुल पूर्ण पेटू देणं, योग्य वेळी चिलमीवर ठेवणं, राख काढणं, आणि मालक बोलण्यात गुंगला तर दोन झुरके मारून विस्तव जिवंत ठेवणं, हे सगळं तो करायचा. मालकाचा श्वास किती लांब आहे हे त्याला माहीत असायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्यांनीही हे शौक उचलले. कलकत्त्यात 1779 साली वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या बायकोने गाण्याची मैफल आणि जेवण ठेवलं, त्याचं निमंत्रण प्रसिद्ध आहे. त्यात पाहुण्यांना विनंती केली आहे की हुक्काबरदाराखेरीज कोणताही नोकर बरोबर आणू नये. विचार करा. वाढपी यजमानाचे चालतील, पंखेवाले यजमानाचे चालतील. विस्तवाचा माणूस मात्र ज्याचा त्याचाच हवा. 1813 च्या, चार्ल्स डॉयलीच्या चित्रसंग्रहात साहेब आणि त्याचा हुक्काबरदार असं एक अख्खं चित्रच आहे.

दिल्लीत 1803 च्या सप्टेंबरात पटपडगंजला शिंद्यांची फौज हरली आणि शहर इंग्रजांच्या हाती गेलं. पुढे तिथे रेसिडेंट झालेल्या डेव्हिड ऑक्टरलोनीचं 1820 च्या सुमाराचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. हिंदुस्तानी पोशाख, तक्क्याला टेकलेला, हातात हुक्क्याची नळी, समोर नाच. महादजी शिंद्यांनी ज्या दिल्लीचा कारभार पाहिला, तिची सत्ता बदलली; बैठक तीच राहिली आणि बैठकीतला विस्तवही.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. बखरी आणि जुनी पत्रं वाचताना लढाईच्या वर्णनात ‘हुक्के’ येतात. तोफा, बाण, हुक्के. पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो: वेढ्यात गुडगुड्या कशाला? हे हुक्के म्हणजे दारू भरलेले मातीचे गोळे, पेटवून शत्रूवर फेकायचे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ डबी, गोल भांडं. एका भांड्यात पाणी भरलं आणि वर विस्तव ठेवला, ती बैठकीची शोभा. दुसऱ्यात दारू भरली, तो बॉम्ब. आपल्या भाषेने दोघांना एकच नाव चालवून घेतलं.

हुक्का एकट्याचा नव्हता, हेही विसरू नका. गावात तो फिरायचा, आणि कुणाकुणात फिरायचा हे जात ठरवायची. ‘हुक्का-पाणी बंद’ म्हणजे बहिष्कार. आपण वाळीत टाकणं म्हणतो. आपल्याकडे याच्या जोडीला एक वाक्प्रचार आहे, ‘त्या दोघांमधून विस्तव जात नाही’. काडेपेटी येण्यापूर्वी शेजारच्या घरून विस्तव मागून आणणं हा रोजचा व्यवहार होता. ज्या दोन घरांत तोही बंद, त्यांचं वैर टोकाचं. विस्तव ही माणसामाणसांतली देवघेव होती. ती कुणी कुणाकडून घ्यायची नाही हेही ठरलेलं होतं, आणि ते ठरवणारे खाटेवर हुक्का ओढत बसलेलेच असायचे. हुक्क्याच्या आठवणीत रमणाऱ्यांनी ही बाजूही आठवावी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे येताना गोऱ्यांमधून हुक्का मागे पडला. चिरूट आला, पुढे सिगारेट आली, आणि आपल्याकडे विडी. कारण सोपं आहे. चिरुटाला नोकर लागत नाही. काडी ओढली, पेटवला, संपला. विस्तव सांभाळण्याचं अख्खं कसब एका काडेपेटीने संपवलं. हुक्काबरदार हा धंदा गेला. दिल्लीच्या बाजारात पैसे घेऊन हुक्का पाजत फिरणारे लोक असत, त्यांना ‘साकी’ म्हणत, तेही गेले.

हुक्का मग परत आला तो आपल्या डोळ्यांदेखत. 1990 नंतर अरब देशांकडून फळांच्या वासाचा, पाकात भिजवलेला तंबाखू जगभर पसरला. काचेचं भांडं, तव्याच्या जागी भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा कागद, नारळाच्या करवंटीचा कोळसा, किंवा लायटरने चटकन पेट घेणाऱ्या, रसायन लावलेल्या वड्या. दिल्लीपासून पुण्यापर्यंत पार्लर उघडली. सरपोश नाही, जेरअंदाज नाही. चिमट्यात निखारे घेऊन टेबलांमधून फिरणारा एक पोरगा. एका हुक्क्यासाठी एक माणूस होता, त्याच्या जागी एका माणसावर वीस हुक्के आले. त्याला ना कुणी शिकवलेलं, ना कुणी हुक्काबरदारासारखा मान दिलेला.

29 डिसेंबर 2017. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. 14 माणसं गेली. गच्चीवर छत आणि पडदे होते आणि ते बघता बघता पेटले. अग्निशमन दलाच्या चौकशी अहवालात आगीचं संभाव्य कारण नोंदलं आहे: हुक्क्याच्या कोळशाच्या उडालेल्या ठिणग्यांनी पडदे पेटले. तो हुक्का परवानगी नसताना दिला जात होता, असंही त्यात आहे. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ते जाळीचं झाकण आलं, संग्रहालयाच्या काचेमागे ठेवलेलं. उघड्या गच्चीवर, वाऱ्यात, कापडाच्या शेजारी विस्तव ठेवायचा तर काय लागतं, हे तीनशे वर्षांपूर्वीच्या नोकराला माहीत होतं. 2018 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची ठेवली.

आता त्या पाण्याकडे येऊ. पाणी धूर धुऊन काढतं ही हकिमाच्या नावावरची समजूत आजही पक्की आहे. पाण्याने धूर थंड होतो, हे खरं. म्हणूनच माणूस जास्त खोल ओढतो. पण कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बुडबुड्यातून जसाच्या तसा छातीत पोचतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. हुक्क्याचा तंबाखू कोळशाऐवजी विजेच्या तारेने तापवून संशोधकांनी धूर मोजला, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा फार मोठा वाटा नाहीसा झाला. म्हणजे तो तंबाखूचा नव्हता, कोळशाचा होता. पार्लरमध्ये डोकं जड होतं, गरगरतं, त्याला पोरं ‘किक’ म्हणतात. त्यात निकोटीनचा भाग आहेच, पण अंगीठीजवळ झोपलेल्या माणसाच्या रक्तात जो वायू भरतो, तो वायूही आहे. आपला जुना हुक्काबरदारही दिवसभर त्याच शेगडीजवळ बसलेला असायचा. त्याच्या डोकेदुखीची नोंद कुणी ठेवलेली नाही.

दिल्लीत ऑगस्ट 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, सार्वजनिक ठिकाणी हुक्क्याला बंदी झाली, तंबाखूच्या आणि बिनतंबाखूच्याही. कारण एकाच नळीला अनेक तोंडं. हॉटेलवाले न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तात्पुरता दिलासा देत ‘हर्बल’ हुक्क्याला अटींसह मुभा दिली. या खटल्याच्या बातम्यांत सगळा वाद नळी आणि तंबाखू यांच्याभोवती फिरताना दिसतो. हर्बल म्हणजे तंबाखू नसलेला. चिलमीवर ठेवायचा कोळसा मात्र तोच.

पुढच्या भागात काडेपेटी. ती यायच्या आधी मराठी घरांत विस्तव रात्रभर कसा राखायचे आणि चकमक कशी झाडायचे, ते बघू. नमस्कार.